सक्तमजुरी आणि मजुरी

तुरुंगाविषयी बोलताना आपण मराठीत जे शब्द वापरतो, त्यांतले मूळचे मराठी फार थोडे आहेत. 'तुरुंग' पोर्तुगिजांकडून आला असे अभ्यासक सांगतात, 'जेल' इंग्रजांनी दिला, तर 'कैद', 'कैदी', 'शिपाई', 'हवालदार' ही सारी अरबी-फारसीची देणगी. 'सक्तमजुरी' हाही त्याच कुळातला शब्द. फारसीत 'सख्त' म्हणजे कठीण आणि 'मुज्द' म्हणजे कामाचा मोबदला. मोबदला घेऊन काम करणारा तो 'मुज्दूर', त्याचा पुढे मजदूर झाला आणि आपल्याकडे मजूर. ज्याला मोबदला मिळत नाही त्याच्यासाठी फारसीत 'बेगार' हा निराळा शब्द होता. मराठीने त्याला आपली 'वेठ' जोडून 'वेठबिगार' तयार केला. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कैदेचे साधी आणि सक्त असे दोन प्रकार केले, तेव्हा दुसऱ्या प्रकाराला कायद्याच्या मराठीने 'सक्तमजुरी' म्हटले. हे नाव चुकले होते. कैद्याच्या वाट्याला आलेली गोष्ट सक्तीची होती खरी, पण तिला मजुरी म्हणण्यासारखे तीत काही नव्हते. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे कैद्याने केली ती बेगार.

तुरुंगातल्या कामामुळे माणूस सुधारतो, हातात कसब घेऊन बाहेर पडतो आणि पुन्हा समाजात मिसळतो, असे मानण्याची पद्धत आहे. हा समज पूर्ण खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. पण कोणत्या कामाने माणूस परत आला आणि कोणत्या कामाने तो नुसताच पिळून निघाला, हा फरक इतिहासात शोधावा लागतो. त्यासाठी फार दूर जायला नको. जुन्या सातारा जिल्ह्याच्या आणि त्याला लागून असलेल्या संस्थानांच्या मुलखातच त्याची दोन उत्तम उदाहरणे आहेत.

पहिले महाबळेश्वरचे. तिथे 'चायनामन्स फॉल' नावाचा एक धबधबा आहे. सहलीला जाणारे तो पाहतात, फोटो काढतात आणि परततात. हा चिनी माणूस कोण, असे सहसा कोणी विचारत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज सरकार हिंदुस्थानातले कैदी समुद्रापार सिंगापूर-पिनांगकडे धाडत असे आणि तिकडचे चिनी व मलायी कैदी इकडे आणत असे. माणसाला त्याच्या मुलखापासून तोडणे हाच शिक्षेचा मोठा भाग होता. असे शंभर-सव्वाशे कैदी १८३० च्या दशकात महाबळेश्वरच्या तुरुंगात येऊन पडले. गिरिस्थान नवे होते, रस्ते हवे होते, साहेबांच्या बंगल्यांना भाजीपाला हवा होता. कैद्यांना रस्त्यांच्या कामाला लावले. पण तुरुंगाची शिस्त तशी सैल होती आणि या लोकांना मळ्याची चांगली जाण होती. त्यांनी बटाटे लावले, विलायती भाज्या पिकवल्या, वेताचे विणकाम केले. १८६४ साली तुरुंग बंद झाला तेव्हा ज्यांची शिक्षा संपली नव्हती त्यांना 'तिकीट' देण्यात आले. ठरलेल्या हद्दीत राहावे आणि आपला उद्योग करून पोट भरावे, अशी ती मुभा होती. काहीजण तिथेच राहिले, मळे करू लागले, काहींनी तिथेच संसार मांडले. ज्या धबधब्याशेजारी त्यांचे मळे होते, त्याला त्यांचे नाव मिळाले.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या कैद्यांची हकीकतही अशीच. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज चर्च हिंदी कैद्यांच्या हातांनी उभे राहिले. तिथे कैद्यांना विटा भाजणे, सुतारकाम, गवंडीकाम शिकवले जाई. त्यांच्यातल्याच भरवशाच्या लोकांना पहारेकरी केले जाई आणि ठराविक वर्षांनंतर तिकीट देऊन मोकळे सोडले जाई. १८७३ साली ती वसाहत मोडली तेव्हा अनेकांनी मायदेशी परतण्यापेक्षा तिथेच राहणे पसंत केले. इंग्रज दयाळू होते म्हणून हे घडले असे कोणी समजू नये. त्यांना स्वस्त मजूर हवे होते. पण कैद्याला ठावठिकाणा आणि स्वतःची कमाई देण्याची वाट या स्वार्थातून नकळत उघडली गेली.

खुद्द हिंदुस्थानात मात्र ही वाट बुजवण्याचे काम सुरू झाले होते. मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने १८३८ साली अहवाल दिला. कैद्यांनी उघड्यावर रस्त्यांची कामे करणे तिला पसंत नव्हते. मोकळी हवा, गप्पा, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणे, ही कसली शिक्षा? काम भिंतीच्या आत हवे, कंटाळवाणे हवे, जीव नकोसा करणारे हवे. त्यातून काही शिकायला मिळावे अशी समितीची अपेक्षाच नव्हती. चक्की, कोलू आणि काथ्या कुटणे यांमागचा विचार हाच. अंदमानात सावरकरांच्या वाट्याला आलेला कोलू मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्याच सुमारास अलाहाबादच्या तुरुंगात मौलाना हसरत मोहानी रोज मणभर धान्य दळत होते. १९०८ साली 'उर्दू-ए-मुअल्ला' या आपल्या मासिकात इजिप्तमधल्या इंग्रजी धोरणावर टीका करणारा लेख छापला, म्हणून राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना सक्तमजुरी झाली. दंडाच्या वसुलीसाठी त्यांचा ग्रंथसंग्रह विकला गेला. दळण आणि शायरी बरोबरीने चालवल्याचा उल्लेख त्यांच्या एका शेरात येतो आणि उर्दू वाचणाऱ्या घरांत तो शेर अनेकांना पाठ असतो. चक्कीने हसरत सुधारले नाहीत, हे सांगायला नको. सुधारावे असा सरकारचा हेतूही नव्हता.

याच काळात दुसरा एक विचार पुढे आला होता. बंगालच्या तुरुंगांचे प्रमुख डॉ. फ्रेडरिक मौअट यांचे म्हणणे असे की, तुरुंग ही उद्योगाची शाळा व्हावी, कैद्याने धंदा शिकावा आणि तुरुंगाचा खर्चही त्यातून भागावा. कागदावर ही कल्पना चांगली दिसते. प्रत्यक्षात शाळा मागे पडली आणि खर्च भागवणे तेवढे पुढे आले. अलीपूरच्या तुरुंगात गोणपाट निघू लागले, छापखाना चालू लागला, तेव्हा सरकार फुकटच्या हातांनी आमचा बाजार मारते अशी तक्रार खासगी कारखानदार करू लागले.

गालिच्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात आपल्या कारागिरांचे नशीब गुंतले आहे. आग्रा, लाहोर, येरवडा, ठाणे, जबलपूर अशा ठिकाणच्या कैद्यांनी विणलेले गालिचे विलायतेत जाऊ लागले. आग्र्याच्या तुरुंगात विणलेला एक प्रचंड गालिचा विंडसरच्या राजवाड्यातल्या वॉटर्लू दालनात आजही आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी तो सांगितला होता आणि १८९४ साली पुरा झाला. त्याचे वजन सुमारे दोन टन. १९९२ साली राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला सैनिकांची तुकडी लागली. येरवड्याच्या तुरुंगात विजापूरच्या असार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नमुन्यांवरून विणकाम होई. आदिलशाही कारागिराची नक्षी दोन-अडीचशे वर्षांनी पुण्याच्या कैद्याच्या हाताखाली उतरत होती, हे वाचताना मन चमकते. पण लगेच दुसरा प्रश्न पुढे येतो. त्या वेळी बाहेरचा विणकर काय करत होता? बेळगावात जन्मलेल्या आणि मुंबईत बरीच वर्षे काढलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात याबद्दल संताप व्यक्त केला आहे. सरकारी पैशावर आणि बिनमजुरीच्या हातांवर चालणाऱ्या तुरुंगाच्या मागांनी पिढीजात विणकराचा धंदा बसवला आणि कलाही बिघडवली, असे त्यांचे म्हणणे होते. हे विणकर बहुतेक मुसलमान. एकीकडे कैद्याला विणकर करायचे आणि दुसरीकडे विणकराला उपाशी ठेवायचे, असा हा कारभार. मग सुटलेल्या कैद्याने ते कसब घेऊन जावे कुठे?

१८९४ च्या तुरुंग कायद्यात एक लक्षणीय गोष्ट आहे. कर्जापायी दिवाणी तुरुंगात पडलेल्या माणसाला आपला धंदा चालवण्याची आणि कमाई घेण्याची मुभा त्यात होती. फौजदारी कैद्याला दिवसात नऊ तासांहून जास्त राबवू नये एवढी दया त्यात होती, पण त्याच्या मजुरीचा शब्दही नव्हता. कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे ध्येय असावे, हे सरकारनियुक्त समितीने स्पष्ट म्हणायला १९१९-२० साल उजाडावे लागले.

'कामातून सुधारणा' हे शब्द किती धोक्याचे होऊ शकतात, हे सोलापूरकरांना ठाऊक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांच्यावर शिक्का बसला, त्या पारधी, कैकाडी, मांगगारुडी अशा जमातींची माणसे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारेच्या कुंपणात ठेवली गेली. हजेरी द्यायची आणि गिरणीत कामाला जायचे. यांतल्या बहुतेकांवर कोणत्याही गुन्ह्याचा खटला झालेला नव्हता. जन्म हाच गुन्हा आणि गिरणी हीच सुधारणा. १९५२ साली कायदा गेला, तार तुटली, शिक्का मात्र पुसला गेला नाही.

आता दुसरे उदाहरण, स्वतंत्रपूरचे. औंध हे सत्तर-बहात्तर गावांचे आणि तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेले संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून परिचित आहेत. याच संस्थानात कुंडलजवळ १९१० पासून किर्लोस्करवाडी वसली आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना कारखान्याच्या राखणीवर ठेवले. ज्याच्यावर चोरीचा ठपका, त्याच्याच हाती पहारा! म्हणजे औंधच्या मातीत या विचाराची थोडी मशागत आधीच झाली होती.

मग तिथे मॉरिस फ्रीडमन आले. वॉर्साचा हा ज्यू इंजिनिअर. सर मिर्झा इस्माईल म्हैसूरचे दिवाण असताना तो बंगलोरच्या सरकारी कारखान्यात आला आणि तिथून गांधीजींच्या वर्तुळात पोचला. त्याने कातण्याची नवी साधने तयार केली, भारतानंद हे नाव घेतले. (पुढे मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवणारा तो हाच.) औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि फ्रीडमन यांच्या खटपटीने, गांधीजींच्या सल्ल्याने, १९३९ साली राजांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. त्याच वर्षी आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर.

कैद्यांच्या वस्तीला हे नाव द्यायला धाडस लागते. जागाही अशी की, माणदेशातली ती जमीन पाहून मोकळा शेतकरीसुद्धा कपाळाला हात लावील. पाऊस बेभरवशाचा, मुरमाड रान, दुष्काळ पाचवीला पुजलेला. तिथे भिंत नव्हती. जन्मठेपेच्या शिक्षेतली माणसे जमीन कसू लागली, आणि मुख्य म्हणजे बायकामुलांसह राहू लागली. आमच्या मते साऱ्या प्रयोगाचे मर्म या शेवटच्या गोष्टीत आहे. कसब शिकवणारे तुरुंग आधीही होते. इथे कैद्याला घर परत मिळाले. आपल्या हातच्या पिकाचा दाणा आपल्या पोरांच्या ताटात पडताना त्याने पाहिला. पळून जायचे तर त्या ताटावरून उठून जायचे.

औंध १९४८ साली विलीन झाले. स्वतंत्रपूर मात्र राहिले आणि आता ते सांगली जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याकडे आहे. बाहेरच्या जगाला ते कळले सिनेमामुळे. 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली आला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर आटपाडीकडचेच, औंध संस्थानातच वाढलेले. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातला जेलर, ती प्रार्थना, ती बैलाशी झुंज सर्वांना आठवते. आम्हाला त्यातला बाजार जास्त मोलाचा वाटतो. सहा कैदी भाजी पिकवतात, वाजवी दराने विकायला नेतात आणि बाजारातला व्यापारी खवळतो. कैदी सुधारला की प्रश्न मिटत नाही, तो बाजारात उभा राहिला की खरा प्रश्न सुरू होतो, हे शांतारामबापू आणि माडगूळकर यांनी बरोबर ओळखले होते. अलीपूरच्या गोणपाटापासून चालत आलेले हे भांडण, फक्त इथे न्याय कैद्याच्या बाजूने होता.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली उत्तर प्रदेशात चंद्रप्रभा धरणाच्या कामावर कैद्यांची खुली छावणी उघडली गेली, १९६३ पासून राजस्थानात सांगानेरची खुली वसाहत चालली. पण देशातल्या बहुसंख्य कैद्यांचे काम भिंतीआडच राहिले आणि मजुरीच्या नावाने हातावर काही पैसे टेकवले जात. न्यायालयांनी हे हळूहळू हलवले. १९७७ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे आंध्रातल्या एका तरुणाचे अपील आले. नोकरी लावून देतो सांगून त्याने बेकार मुलांना फसवले होते. त्याची शिक्षा कमी करताना न्यायमूर्तींनी त्याला तुरुंगात कसे काम द्यावे हे सांगितले आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा असे म्हटले. १९८० साली तुरुंग सुधारणेसाठी नेमलेल्या अखिल भारतीय समितीचे अध्यक्ष होते आनंद नारायण मुल्ला. हे लखनौचे काश्मिरी पंडित, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले उर्दू शायर. १९८३ च्या त्यांच्या अहवालात धंदेशिक्षण, रास्त मजुरी, खुले तुरुंग आणि सुटल्यानंतरची देखभाल यांवर भर आहे. हसरतांची चक्की आणि मुल्लांचा अहवाल यांमध्ये पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. दोघे एकाच जबानचे शायर होते, एवढे आम्ही नोंदवून ठेवतो.

१९८३ सालीच केरळ उच्च न्यायालयाने कैद्यांच्या मजुरीवाढीच्या बाजूने कौल दिला. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगार बंद केली आहे. मग मोबदल्याशिवाय सक्तमजुरी कशी चालेल, हा प्रश्न गुजरातच्या खटल्यातून १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने म्हटले, सक्तमजुरीची शिक्षा घटनेच्या विरुद्ध नाही, पण कामाचा न्याय्य मोबदला द्यावाच लागेल. कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्यातून कापता येईल, आणि गुन्ह्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्यालाही त्यातला वाटा मिळावा यासाठी राज्यांनी कायदा करावा. 'सक्तमजुरी' या शब्दातली मजुरी कायद्याला दिसायला १८६० पासून १९९८ पर्यंत एकशे अडतीस वर्षे लागली! घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, हे आमच्या घरांत लहान मुलालाही सांगितले जाते. ठरवलेली मजुरी आजही अनेक राज्यांत बाहेरच्या किमान वेतनाच्या जवळपास जात नाही.

आणि काम तरी कोणाला कोणते? तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जातीप्रमाणे काम वाटण्याच्या तरतुदी होत्या. स्वयंपाकाला वरच्या जातीचा, झाडूला ठराविक जातीचा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी या तरतुदी रद्द ठरवल्या, आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार धरणारे उल्लेखही. सोलापूरची तार कागदावर एवढी वर्षे शिल्लक होती. ज्याने आयुष्यभर झाडू मारला त्याला तुरुंगातही झाडूच मिळाला, तर त्याला नवे कसब मिळाले असे कसे म्हणायचे?

येरवड्यात आज सुतारकाम, विणकाम, छपाई, बेकरी असे विभाग चालतात आणि दिवाळीत कैद्यांनी केलेल्या वस्तूंची विक्रीही होते. पण तिथला कारखाना मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी आहे. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचे खटले अजून चालू होते, म्हणजे चारांतले तीन. त्यांना सक्तमजुरी लावता येत नाही आणि ते योग्यच आहे, कारण त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. पण त्यामुळे धंदेशिक्षणाचा आणि मजुरीचा हा सारा दोनशे वर्षांचा खटाटोप त्यांच्या बराकीपर्यंत फारसा पोचतच नाही. त्यांत मुसलमानांचे, दलितांचे आणि आदिवासींचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त आहे, हे सरकारी आकडेच सांगतात. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत अशा माणसांबरोबर काम करतो. सुटून आलेल्याला काही महिने विद्यावेतनावर कामाला लावणे, ओळखीचे कागद मिळवून देणे, जामीनदार शोधणे, अशी ती कामे आहेत. त्यांतले शेवटचे सर्वांत अवघड.

खटला चालू असलेला माणूस दोन-चार वर्षे बराकीत बसून काढतो. साबण, तेल, चहा, बिस्किटे तुरुंगाच्या कँटीनमधून विकत घ्यायची असतात आणि त्याच्या खात्यावरचे पैसे घरून मनीऑर्डरने येतात. पाठवणारी बहुधा आई किंवा बायको असते, भिवंडीत किंवा मालेगावात मागावर कांड्या भरणारी.